औषध फुकट, पण ट्रॉलर थांबत नाही: किनाऱ्यावरच्या एका जोडप्याच्या एचआयव्ही उपचाराचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या किनारपट्टीच्या एका तालुक्यातलं आहे. नवरा-बायको दोघंही एचआयव्हीबाधित. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गाव आणि बंदर सांगितलेलं नाही, आणि लिहिण्यासाठी दोघांची संमती घेतली आहे. पुढे त्यांना ताई आणि दादा म्हटलंय. मी त्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेत समुपदेशक आहे. सरकारी पैसा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो, हे या एका घरात फार स्पष्ट दिसलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

दादा ट्रॉलरवर खलाशी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत घर चालवायला नाखव्याकडून, म्हणजे ट्रॉलरच्या मालकाकडून, उचल घ्यायची आणि ऑगस्टपासून ती वाट्यातून फेडायची, हा त्यांचा वर्षाचा हिशोब. ट्रॉलर बाहेर पडला की आठ-दहा दिवसांनी जेटीला लागतो. माल उतरवायचा, बर्फ-डिझेल भरायचं, फाटलेलं जाळं शिवायचं आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी पुन्हा निघायचं. फेरी चुकली तर तेवढ्या दिवसांचा वाटा गेला, उचल मात्र जिथल्या तिथे. ताई हंगामात कोळंबी सोलायला जातात. घरी सासू, थोरली मुलगी आणि आंब्याची चार कलमं.

ऑगस्ट 2023 मध्ये ताईंनी दुसऱ्या बाळंतपणासाठी नाव नोंदवलं. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये एचआयव्हीची चाचणी असतेच. ती पॉझिटिव्ह आली. ताईंची औषधं लगेच सुरू झाली. थोरल्या मुलीची चाचणी निगेटिव्ह आली. दादा गणपतीला घरी आले तेव्हा त्यांचीही तपासणी झाली आणि सप्टेंबरअखेर त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या. कुणाकडून कुणाला, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. त्या दोघांनीही एकमेकांना तो विचारल्याचं आमच्या कानावर आलं नाही.

इथपर्यंत व्यवस्थेनं आपलं काम चोख केलं होतं. ही व्यवस्था आपोआप उभी राहिलेली नाही. देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार, 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, तीही मोजक्या आठ रुग्णालयांत. पुढे बरीच वर्षं रक्तातल्या सीडी4 पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. 2017 पासून निदान झालं की उपचार, असं धोरण आलं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला 2021 ते 2026 या काळासाठी 15,471.94 कोटी रुपये मंजूर झाले आणि हा सगळा खर्च केंद्र सरकारचा. चाचणीचं किट, रोजची एक गोळी, व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी, समुपदेशकाचं मानधन, बाळाला लागण होऊ नये म्हणूनचं सिरप हे सगळं याच कार्यक्रमातून येतं. ताई-दादांनी औषधासाठी आजवर एक रुपयाही मोजलेला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढची अडचण वाचताना ते विसरलं जाऊ शकतं.

अडचण कुठे आली

सुरुवातीचे सहा महिने गोळ्या महिन्या-महिन्याच्या मिळतात. रुग्णाला औषध सोसतंय का, तो नियमित घेतोय का, हे पाहायचं असतं. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे. पण महिन्याला एकदा ठरलेल्या तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्रावर हजर राहणं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात खलाशाला जमत नाही. दादा ऑक्टोबरला आले. नोव्हेंबरच्या तारखेला ट्रॉलर खोल पाण्यात होता. डिसेंबरमध्ये फेरीमागून फेरी लागली. तारीख उलटून 28 दिवस झाले की रजिस्टरमध्ये नावापुढे एलएफयू पडतं, म्हणजे संपर्क तुटलेला रुग्ण. दादांच्या नावापुढे ते पडलं.

अशा वेळी घरी किंवा कामावर जाऊन गाठणारा माणूस म्हणजे क्षेत्रीय कार्यकर्ता. नेमका त्या तिमाहीत प्रकल्पाचा हप्ता लांबला होता. बंदराकडे जाणाऱ्या कार्यकर्त्यानं दोन महिने पदरच्या पेट्रोलवर काम केलं आणि मग आंब्याच्या फवारणीच्या कामाला गेला. त्याला घर चालवायचं होतं. निधी उशिरा आला असं कागदावर एका ओळीत लिहिलं जातं. बंदरावर त्याचा अर्थ एवढाच होतो, की दादांना शोधायला कुणी गेलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये ताई बाळंतपणासाठी दाखल झाल्या. प्रसूती नीट झाली, मुलगा झाला. समुपदेशनात दादांचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांच्या गोळ्या कधीच्याच संपल्यायत. मी बोलले तर म्हणतात, ट्रीप सोडून येऊ काय?”

दादांना आम्ही जेटीवरच गाठलं. भोवती बर्फाची मशीन, हातगाड्या, लिलावाचा गलका. एका बाजूला रचलेल्या क्रेटच्या आडोशाला बसून बोललो. त्यांनी स्वतःहून खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. ऑक्टोबरच्या गोळ्यांतल्या पाच-सहा तिच्यात उरल्या होत्या. गोळ्यांची मूळ बाटली मोठी, हलवली की वाजते, वर लेबल. केबिनमध्ये सहा-सात जण खेटून झोपतात, तिथे ती लपणार नाही. म्हणून त्यांनी गोळ्या डबीत ओतल्या होत्या. मूळ बाटलीत ओल शोषणारी पुडी असते, डबीत ती नव्हती. खाऱ्या दमट हवेत गोळ्यांचे पृष्ठभाग फुगून खडबडीत झाले होते. वेळही चुकीची पडली होती. केंद्रावर त्यांना रात्री नऊची सवय लावून दिली होती आणि त्या वेळी बऱ्याचदा जाळं ओढायचं काम चाललेलं असतं.

“होडीवर कुणाला कळलं तर माझ्या ताटात कोण जेवणार नाय,” ते म्हणाले. “आणि नाखवा उचल मागेल ती येगळीच.”

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तोच होता: तालुक्याच्या रुग्णालयातल्या लिंक केंद्रातून, म्हणजे जिल्ह्याच्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून, गोळ्या द्यायच्या. प्रवास निम्म्याहून कमी. दादांनी ऐकताक्षणी नकार दिला. तिथे काम करणारी एक व्यक्ती त्यांच्या वाडीतली सून होती. कर्मचाऱ्यांवर गोपनीयता पाळण्याचं कायद्याचं बंधन आहे आणि माझ्या पाहण्यात बहुतेक जण ते पाळतात. पण वाडीत बोलणं सुरू व्हायला कुणी काही सांगावं लागत नाही. दादा त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले, एवढं पुरतं. आम्ही आग्रह केला नाही.

दुसरा पर्याय एसटीचा. एचआयव्हीबाधितांना उपचारासाठी एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. चांगली सवलत आहे, आणि घाटावरच्या लांबच्या गावांतले काही रुग्ण ती वापरतात. इथे दिवसातून दोनच गाड्या, कंडक्टर ओळखीचे, मागच्या सीटवर गावातलंच कुणीतरी. कार्ड हातात धरून दाखवायचं म्हणजे काय, हे ज्याला दाखवायचंय त्यालाच कळतं. शिवाय हिशोब मांडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दादांना केंद्रावर यायला लागणाऱ्या खर्चात तिकीट हा सगळ्यात छोटा आकडा होता. मोठा आकडा होता चुकलेल्या फेरीचा आठ-दहा दिवसांचा वाटा. तिकीट माफ केल्यानं तो भरून निघत नव्हता.

तिसरा पर्याय संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. एचआयव्हीबाधित त्यात बसतात आणि महिन्याला 1500 रुपये मिळतात. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 रुपयांची, म्हणजे महिन्याला 1750. हंगामात राबणाऱ्या खलाशाचं उत्पन्न इतकं कमी दाखवायचं तर दाखला खोटा काढावा लागतो. तो काढून देणारे लोक तहसीलच्या आवारात सापडतात. आम्ही त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं. तत्त्वाचा प्रश्न होताच. पण पुढे चौकशी लागली तर आजार आणि खोटा दाखला दोन्ही एकदम चव्हाट्यावर येतात, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. अर्जाबरोबर आजाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तलाठ्याची चौकशी होते, प्रकरण तालुक्याच्या समितीपुढे जातं. एवढ्या हातांतून कागद फिरणार हे ऐकल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, “नको. पोरीला शाळेत जायचंय.”

चौथा पर्याय संस्थेनं देणग्यांतून प्रवासखर्च आणि बुडालेल्या वाट्याचा काही भाग देण्याचा. एक-दोनदा ते करता आलं असतं. पण ही औषधं आयुष्यभराची आहेत आणि आमच्या देणग्या वर्षभरही टिकत नाहीत. सुरू करून मध्येच थांबवलं असतं, तर दादा पुन्हा तिथेच आले असते.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. पैसा मिळण्याच्या प्रत्येक वाटेवर आधी आजार सांगावा लागत होता. जी मदत आजार न सांगता मिळते ती कोणती, असा उलटा प्रश्न आम्ही विचारायला लागलो, आणि तिथून रस्ता निघाला.

काय केलं

मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ताईंना ते मिळत होतंच, कुणाला काहीही न दाखवता. त्यांना स्वतःच्या गोळ्यांसाठी आणि बाळाच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याला जावंच लागणार होतं. मग दोघांची तारीख एकच का करू नये? केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोललो. दादांनी एकदा स्वतः येऊन तपासणी करून उपचार पुन्हा सुरू करायचे, त्यानंतर हंगामात ताईंनी दोघांच्या गोळ्या न्यायच्या, आणि दादांनी फोनवर समुपदेशकाशी बोलायचं, असं ठरलं. अधिकाऱ्यांनी त्यांच्या अखत्यारीत परवानगी दिली. सरकारी यंत्रणेत काम करणाऱ्या माणसानं नियमाचा हेतू ओळखून निर्णय घेतला की किती सोपं होतं, हे त्या दिवशी पाहिलं.

दादांच्या स्वतःच्या भेटी मासेमारीच्या वर्षाला बांधल्या. गणपती, दिवाळी, शिमगा आणि जून-जुलै. या दिवसांत ट्रॉलर बंदरातच असतो आणि ते घरी असतात. व्हायरल लोडची पहिली तपासणी जुलैमध्ये येईल असा हिशोब केला.

गोळीची वेळ रात्री नऊवरून सकाळच्या पहिल्या चहाची केली. ही गोळी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. ती रात्रीच घ्यायला हवी असं नाही. बाटली बदलायची नाही, पण तिच्यात कापूस भरायचा म्हणजे वाजत नाही. बाटली कपड्यांच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. विचारलंच कुणी तर पित्ताच्या गोळ्या, असं सांगायचं दादांनी आधीच ठरवलेलं होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये उपचार पुन्हा सुरू झाले.

जुलैचा धक्का

जुलै 2024 चा रिपोर्ट निराश करणारा होता. व्हायरल लोड 1000 च्या वर, म्हणजे विषाणू दबलेला नव्हता. गोळ्या मोजल्या तर बरोबर, ताई शपथ घेऊन सांगत होत्या की ते घेतात. अशा वेळी रुग्णाला खोटं ठरवणं सगळ्यात सोपं असतं. त्याऐवजी दादांना शांतपणे एका दिवसाचा क्रम सांगायला सांगितला. उठल्यापासून.

पाचेक वाजता उठतो. तांडेल (ट्रॉलरवरचा प्रमुख) चहा देतो. गोळी घेतो. “आणि तांडेल पित्ताची पण देतो.”

खलाशाला पित्ताचा त्रास आहे हे तांडेलाच्या कानावर गेलं होतं. भला माणूस. त्यानं औषधांच्या पेटीत चघळायच्या पित्तशामक गोळ्या आणून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी आठवणीनं एक दादांच्या हातावर ठेवत होता. नाही म्हटलं तर संशय येईल म्हणून दादा दोन्ही एकदम घेत होते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पित्तशामक गोळी डोल्युटेग्राव्हिरबरोबर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळीतल्या मुख्य औषधाबरोबर, घेतली की औषध आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचीही तीच अडचण. एचआयव्हीची गोळी त्यांच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी लागते.

उपाय साधा होता. दादांनी तांडेलाला सांगितलं, डॉक्टरांनी गोळी बदललीय, आता दुसरी नको. सकाळी पाचला गोळी, आणि पोटात जळजळलंच तर पित्ताची दुपारी जेवल्यावर. तीन महिने नियमित समुपदेशन झालं. दिवाळीत ते घरी आले तेव्हा पुन्हा रक्त दिलं. या वेळी व्हायरल लोड 1000 च्या बऱ्याच खाली आला.

पैशाची दुसरी वाट

जुलै 2024 मध्येच मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, रक्कम महिन्याला 1500. ताईंनी गावातल्या इतर बायकांबरोबर अर्ज भरला. तीच रक्कम, जी निराधार योजनेतून मिळवायला आजाराचं प्रमाणपत्र लागलं असतं. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत, त्यामुळे ताईंसाठी निराधार योजनेचा विषय तिथेच संपला. त्या पैशातून प्रवास आणि केंद्रावरच्या दिवशी बुडालेली मजुरी भागायला लागली. योजनेवर राजकीय मतं काहीही असोत, या घरात तिचा उपयोग नेमका का झाला, हे नोंदवलं पाहिजे: ती घेताना ताईंना आजाराबद्दल कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

दादांसाठी तशी कुठलीच योजना नाही. पुरुष खलाशी, हंगामी, वाट्यावर काम करणारा. आजार न सांगता मिळेल असा कुठलाही आधार त्यांच्या वाट्याला आजही नाही.

बाल संगोपन योजनेचा विचार सुरू झाला तो मुलांसाठी. एचआयव्हीबाधित पालकांच्या मुलांना ती लागू होते, मुलं स्वतः निगेटिव्ह असली तरी. महिन्याला 2250 रुपये प्रत्येक मुलामागे, म्हणजे या घराला मोठा आधार. मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, ही जमेची बाजू. गृहभेट मात्र होते. ताईंचा पहिला प्रश्न होता, “गाडीतून येणार की चालत?” सरकारी पाटीची जीप अंगणापर्यंत आली की संध्याकाळपर्यंत वाडी विचारणार.

परिणाम

बाळाच्या तपासण्या सहाव्या आठवड्याला, सहाव्या महिन्याला, बाराव्या महिन्याला झाल्या आणि अखेरची अठराव्या महिन्याला, जुलै 2025 मध्ये. बाळ निगेटिव्ह आहे. ताईंचा व्हायरल लोड पहिल्यापासून दबलेला. दादांची जुलै 2025 ची तपासणीही चांगली आली आणि आता त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. ते त्याच ट्रॉलरवर आहेत.

रुग्णांच्या यादीत हे यशस्वी प्रकरण म्हणून मोजलं जाईल. पण त्याच बंदरावरचे आणखी काही खलाशी त्याच हिवाळ्यात संपर्कातून सुटले, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांच्या घरी दर महिन्याला जिल्ह्याला जाणारी बायको नव्हती. एकटे राहणारे, परराज्यांतून किंवा नेपाळहून आलेले खलाशी आमच्या या उपायात बसतच नाहीत.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता येईल

पहिला टप्पा सप्टेंबर 2023 चा. उपचार सुरू करताना पत्ता, फोन, वजन, सीडी4 सगळं विचारलं जातं. काम काय करता हेही विचारलं जातं, पण त्या कामाचं वेळापत्रक विचारलं जात नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक केंद्रात पहिल्याच भेटीत ट्रॉलरच्या फेऱ्या, बंदीचा काळ आणि सणाच्या सुट्या विचारून तारखा द्याव्यात. याला पैसा लागत नाही.

दुसरा टप्पा नोव्हेंबरचा, तारीख चुकल्यावरचे पहिले आठ दिवस. तेव्हा एक फोन गेला असता तर पुढचे तीन महिने वाचले असते. 28 दिवस उलटायची वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि शोध घेणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन व प्रवासखर्च हप्त्यावर अवलंबून राहता कामा नये. गोळ्यांचा साठा संपू नये म्हणून राखीव साठा ठेवतात, तसा या माणसाच्या दोन-तीन महिन्यांच्या मानधनाचा राखीव निधी जिल्ह्यात असावा. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते; तिथे असा प्रस्ताव मांडता येतो आणि आम्ही तो तयार करतो आहोत. त्यात एकाही रुग्णाचं नाव द्यावं लागणार नाही.

तिसरा टप्पा लिंक केंद्राच्या नकाराचा. इथे दादांचं ऐकलं ते योग्यच झालं, पण शेजारच्या तालुक्याचं लिंक केंद्र हा पर्याय आमच्या चर्चेत आलाच नाही. जिथे ओळखीचं कुणी नाही असं केंद्र निवडायची मुभा रुग्णाला सुरुवातीलाच, न मागता सांगितली जावी.

चौथा टप्पा निराधार योजनेचा. 21,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा जोवर आहे, तोवर काम करणारा एचआयव्हीबाधित माणूस एकतर बाहेर राहील किंवा खोटा दाखला आणेल. उपचारामुळे माणूस कामाला उभा राहतो आणि कामाला उभा राहिला म्हणून मदतीतून वगळला जातो. ही मर्यादा वाढवण्याची मागणी निवेदनात घालताना आम्ही आणखी एक मागणी जोडली आहे: अर्जावर आजाराचं नाव न लिहिता, जिल्हा रुग्णालयानं फक्त ‘पात्र’ एवढंच प्रमाणित करावं.

पाचवा टप्पा पित्ताच्या गोळीचा. गोळी कुणाला काय म्हणून सांगता, हे प्रत्येक रुग्णाला विचारायला आम्ही आता सुरुवात केली आहे. कुणी रक्तवाढीची म्हणतं, कुणी हाडांची, कुणी थायरॉइडची. ज्या आजाराचं नाव सांगितलं जातं त्याचं औषध घरातलं कुणीतरी प्रेमानं आणून देतं, आणि लोह, कॅल्शियम, पित्तशामक या तिन्हींची गाठ थेट एचआयव्हीच्या गोळीशी पडते. पित्त सांगण्यापेक्षा ॲलर्जी सांगा, असं आता आम्ही सुचवतो.

बाल संगोपनाचा अर्ज ताईंनी ऑगस्ट 2025 मध्ये भरला. गृहभेटीला येणाऱ्या कार्यकर्तीनं सरकारी गाडी नाक्यावर सोडून चालत यायचं आणि विचारलं तर अंगणवाडीच्या कामाला आले म्हणायचं, असं ठरलं आहे. भेट अजून व्हायची आहे.